बाईंना विचारा : चोचवाला डॉक्टर कुठल्या पेठेत राहायचा?

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे, पंचवटीत राहतो. आमची शाळा सकाळची, सात दहाला प्रार्थना. रिक्षावाले काका साडेसहालाच हॉर्न वाजवतात आणि आम्ही नऊ जण दप्तरांसकट एका रिक्षात बसतो. परवाच्या बुधवारी डब्यात भेंडी होती, गणिताच्या चाचणीत वीसपैकी अकरा पडले आणि पी.टी.च्या तासाला पाऊस आला. म्हणजे दिवस आधीच गेला होता. शेवटचा तास इतिहासाचा. ‘प्लेगची साथ आणि आपला परिसर’ असा प्रकल्प होता. मी मोबाइलवर शोधून चार पानं लिहिली, झेरॉक्सवाल्याकडून तीन रंगीत प्रिंट काढल्या, तीस रुपये गेले. मुखपृष्ठावर चोचीचा मुखवटा आणि काळा झगा घातलेला डॉक्टर लावला. खाली लिहिलं, ‘पुण्यातील प्लेगचे डॉक्टर, १८९७’. इतिहासाच्या बाईंनी ते सगळ्या वर्गाला दाखवलं आणि विचारलं, ‘हा कुठल्या पेठेत राहायचा रे?’ तेव्हापासून मला वर्गात ‘चोच’ म्हणतात. वहीवर लाल शेरा आहे : ‘परिसर कुठे आहे? दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा आणणे.’

आजोबा म्हणतात, आपल्या घरात प्लेगबिग काही झालेलं नाही, तू गणित कर. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात आहे. पणजी ब्याण्णव वर्षांची आहे, पण तिला कमी ऐकू येतं. ‘प्लेग’ म्हटलं की ‘प्लेट?’ म्हणते आणि आईला ताटली आणायला लावते. तर चोचवाला डॉक्टर खोटा आहे का? परिसर कुठून आणू? आणि माझा मित्र म्हणतो की रँड रोग थांबवायलाच आला होता. मग चुकलं कोणाचं?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : आधी चोच. तो डॉक्टर खोटा नाही, त्याचा पत्ता चुकला आहे. सतराव्या शतकात फ्रान्स-इटलीकडे काही डॉक्टर तसा मुखवटा घालत. रोग घाणेरड्या हवेतून येतो अशी समजूत होती, म्हणून चोचीत वासाचा पाला आणि मसाले कोंबायचे आणि त्यातून श्वास घ्यायचा. युरोपातली ती प्रसिद्ध मोठी साथ त्याच्याही तीनशे वर्षं आधीची, १३४७ पासूनची. आणि पुण्याचा प्लेग १८९७ चा. तीन काळांतली माणसं तू एकाच रिक्षात बसवलीस. रोज सकाळी स्वतः तसाच जातोस, म्हणून तुला ते खटकलं नसेल.

मुखपृष्ठाला माणूसच हवा असेल तर दोन नावं देते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला माणसं तापानं पटापट जाऊ लागली. बंदर जवळ, धान्याची गोदामं, दाटीची वस्ती. हा प्लेग आहे हे ओळखलं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. दुसरे वाल्देमार हाफकिन. ते त्याच ऑक्टोबरात मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लशीच्या मागे लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी लशीची सुई स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. चोचीपेक्षा मला हे चित्र केव्हाही जास्त आवडेल.

आता तुझ्या चार पानांत काय नाही ते सांगते. उंदीर नाही. तुझ्या पत्रातही नाही. सदतीस वर्षं मी प्लेगवरची उत्तरं तपासली, बहुतेकांत रँड असतो, चापेकर असतात, गणेशखिंड असते. उंदीर क्वचितच.

माझी आजी सिन्नर तालुक्यातली. तिला जन्मसाल माहीत नव्हतं, ‘पहिल्या प्लेगानंतरची, दुसऱ्याच्या आधीची’ असं सांगायची. सात-आठ वर्षांची असताना तिच्या घरात आढ्यावरून उंदीर पडला. पडला म्हणजे खरोखर पडला, थेट चुलीपुढे. तोंडाशी रक्त, पाय थरथरत होते. तिनं शेपटी धरून उचलायला हात घातला आणि आईनं तिच्या कानाखाली अशी वाजवली की जाडजूड चांदीची तोरडी पायातून निघून पडली. आजी म्हणायची, आईनं आयुष्यात मारलेली ती एकच. मारलं आणि लगेच पोटाशी धरून रडायला लागली. संध्याकाळपर्यंत घर रिकामं. तवा, परात, दोन गोधड्या, बाजरीचं पोतं आणि गाय. जातं जड म्हणून मागेच राहिलं, पुढचे कित्येक दिवस माळावर एकाच घरच्या जात्यावर सगळ्या बायका पाळीनं दळायच्या. बाजरी नुकतीच निघाली होती, त्यामुळे झोपड्या सरमाडाच्या. दिवाळीनंतर गेले ते होळी करूनच परतले. आल्यावर घराची कौलं काढून ऊन आत घेतलं, गंधकाची धुरी दिली, जमीन उकरून पुन्हा सारवली. आजीचा कुत्रा मात्र रोज रात्री ओस गावात जाऊन ओसरीवर झोपायचा आणि सकाळी भाकरीला माळावर यायचा.

ते दिसायला भाबडं वाटतं, उंदीर पडला की घर सोडायचं. पण यातलं शास्त्र बघ. प्लेग मुळात उंदरांचा रोग. जंतू वाहून नेते पिसू. उंदीर जिवंत आणि गरम आहे तोवर पिसवा त्याच्या अंगावर सुखात असतात. तो मेला, गार पडला, की त्या दुसरं गरम अंग शोधतात. घरातले उंदीर संपले की उरतो तो माणूस. जंतू पिसवेच्या पोटात इतके वाढतात की तिच्या अन्ननळीत बोळा बसतो. प्यायलेलं रक्त खाली उतरतच नाही. ती भुकेनं वेडी होऊन चावत सुटते आणि प्रत्येक चाव्याला ते अडकलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत टाकते. मग चार-सहा दिवसांत जांघेत, काखेत नाहीतर मानेला गाठ येते आणि ताप चढतो. मेलेला उंदीर ही तुझ्याकडे यायच्या आधी आलेली नोटीस होती. ती वाचून जे लगेच माळावर गेले, ते पिसवांना मागे ठेवून गेले. उन्हाळा कडक झाला की पिसवा कमी होत, साथ उतरे, आणि माणसं होळीला घरी येत. माझ्या आजीच्या आईला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. तिला शेपटीला हात लावू द्यायचा नाही एवढं माहीत होतं.

डॉक्टरांना तरी कुठे माहीत होतं? जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधला होता. पण उंदीर ते माणूस हा दुवा पिसवेचा आहे हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवलं १८९८ मध्ये, आणि ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. पुण्यात सोल्जर दारं ठोठावत होते ते १८९७ च्या वसंतात. ही तारखांची उतरंड वहीत नीट लाव, बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

यातच तुझ्या मित्राचं उत्तर आहे. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. (हाच कायदा २०२० मध्ये कोरोनाला लावला होता, तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील.) पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँडला नेमलं. रोगी शोधायचा, इस्पितळात न्यायचा, घरच्यांना वेगळं ठेवायचं, घर धुऊन चुना मारायचा. कागदावर वाचलं तर आजच्या माणसाला यात फार वावगं दिसणार नाही. तेव्हा मित्राला सांग, हेतूपुरतं तुझं बरोबर.

पण केलं कसं? बुटांसकट गोरे शिपाई स्वयंपाकघरात, देवघरात. बायकांना बाहेर बोलावून काखा तपासणं. सामान रस्त्यावर आणून जाळणं. घरातला आजारी माणूस नेला की तो परत दिसेल याची खात्री नाही, मग लोक आजारी माणसाला कणगीमागे लपवणार नाहीतर काय करणार? आणि लपवला की शेजारच्या उंदरांची आणि पिसवांची सोयच. लोकांचा विश्वास गेला की रोगी सापडत नाहीत, आणि रोगी सापडत नाहीत म्हणून आणखी जबरदस्ती. शिपाई माणसं धुंडाळत होते आणि रोग छपरातून फिरत होता. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. पुढचं तुमच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात बहुधा नसेल ते एक सांगते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथं सांगितलं की शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्याबद्दल कितीतरी वर्षं टोमणे खाल्ले. मी याचा अर्थ ‘तसं काही घडलंच नाही’ असा लावत नाही. ज्या बाईवर असं काही ओढवलं, ती १८९७ सालच्या पुण्यात कुठल्या कचेरीत जाऊन जबानी देणार होती? पण गोखल्यांनी ‘माझ्याकडे पुरावा नाही’ हे जाहीरपणे कबूल केलं, आणि तू एक चित्र कुठून आलं ते न बघता खाली पुणे लिहिलंस. राग मानू नको.

सावित्रीबाईंचं एक वाक्य सगळेच लिहितात, ‘रुग्णसेवा करताना निधन’. तू थोडं जवळून लिही. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्यानं हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. सहासष्ट वर्षांची बाई. पोरगा वाचला. त्या १० मार्च १८९७ ला गेल्या.

आता परिसर. हा तर तुझ्या पायाशी आहे. भगूर माहीत आहे ना, देवळालीच्या पुढचं? १८९९ मध्ये सावरकरांचे वडील दामोदरपंत तिथं प्लेगनं गेले. धाकटा नारायण आणि थोरले बाबाराव यांनाही प्लेग झाला, दोघे वाचले. भावंडं मग नाशकात येऊन राहिली, तिळभांडेश्वराच्या गल्लीत. तुझ्या घरापासून गंगा, म्हणजे आपली गोदावरी, ओलांडली की दहा-पंधरा मिनिटं चालत. इतिहासातली केवढी तरी मोठी घडामोड त्या गल्लीतून निघाली, आणि त्या घराला तिथं आणून सोडणाऱ्या गोष्टींत मेलेल्या उंदराचाही वाटा आहे. या सुट्टीत बाबांबरोबर भगूरचा वाडा बघून ये.

दुसरी जागा रामकुंड. तुला ती गर्दीची आणि चिखलाची म्हणून माहीत असेल. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे लांबट वह्या असतात. ते आधी आडनाव विचारतील, मग गाव. मग फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांतून तुमची वही काढतील. अस्थी घेऊन आलेल्या माणसांनी स्वतःच्या हातानं घरातली नावं त्यात लिहिलेली असतात, कुणी आलं की मागच्या पानाला पुढची पिढी जोडली जाते. जुनी पानं मोडीत असतील. निफाडकडचं घर म्हणजे गंगेवर कुणी ना कुणी आलेलं असणार. एकाच खेपेला एकाच घरातली दोन-तीन नावं ‘मयत’ दिसली तर शेजारचा शक लिहून घे, त्यात ७८ मिळव. आजोबांना बरोबर ने, त्यांचे उपाध्ये कोण ते त्यांना ठाऊक असेल. आणि जाताना खिशात दक्षिणेचे पैसे ठेव, फुकट इतिहास तिथं कुणी देत नाही, देऊही नये.

तिसरी, निफाडची तहसील कचेरी. गावचा जन्म-मृत्यूचा जुना हिशेब म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडे ही बुकं घराघरात ठाऊक झाली. लोक त्यात जात शोधतात. तू मृत्यूच्या कारणाचा रकाना बघ. ताप, पटकी, देवी, प्लेग. एका शब्दात माणूस संपलेला असतो. कचेरीत पोराला कुणी उभं करत नाही, तेव्हा मोठ्या माणसाच्या सहीचा अर्ज लागेल. तेवढं जमलं नाही तर टिळकपथावर सावाना आहे, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक, १८४० सालचं. ग्रंथपालांना ‘प्लेगचा काळ’ एवढंच सांग.

आणि पणजी. ‘प्लेग’ हा शब्द तिचा नाही, बाळा. तिच्या कानाशी जाऊन ‘गाठीचा ताप’ म्हण. नाहीतर ‘गाव माळावर गेला होता का गं?’ असं विचार. ‘मानमोडी’ म्हणूनही बघ, ती १९१८ ची दुसरी साथ, इन्फ्लुएंझाची, पण एका दोऱ्याला ओढलं की दुसरा येतो. ती स्वतः १९३३ च्या आसपासची, तिला मोठा प्लेग आठवणार नाही. तिला तिच्या सासूचा प्लेग आठवेल. मधे बोलू नको, दुरुस्त करू नको, मोबाइल उपडा ठेवून आवाज टिपून घे. दुपारी जेवणानंतर नको, सकाळी उन्हात बसते तेव्हा.

आजोबांचं ‘आपल्या घरात काही नाही’ हेही मला पटत नाही. त्यांना फक्त ‘सुरत’ म्हण. सप्टेंबर १९९४. गणपती नुकतेच गेले होते. सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, लाखो माणसं शहर सोडून निघाली. त्याच्या आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावाचं नाव आलेलंच होतं. सापुताऱ्याच्या घाटातून इकडे येणाऱ्या गाड्या रुमाल बांधलेल्या तोंडांनी भरलेल्या. मी तेव्हा नोकरीत होते. औषधांच्या दुकानातून टेट्रासायक्लिन गायब झालं होतं, आणि माझ्या वर्गात एका मुलानं शिंक दिली तर आजूबाजूचे चार बाक रिकामे झाले. सुरतेत पन्नासच्या आसपास माणसं गेली. १८९६ नंतरच्या साथीत देशभरात एक कोटीहून जास्त गेली होती. मधल्या काळात प्रतिजैविकं आली, हाच मोठा फरक. पण शिंकेला बाक रिकामे होण्यात मला काही फरक दिसला नाही. तुझे बाबा तेव्हा आठ-दहा वर्षांचे असतील. त्यांनाही विचार, नाकाला रुमाल कुठल्या रंगाचा होता.

चोचवाला डॉक्टर फाडू नको. आतल्या पानावर लाव आणि खाली लिही : ‘हा युरोपातला, सतराव्या शतकातला. पुण्यात कधीच आला नाही. मी आणला होता.’ तुझ्या बाई हसतील, पण या वेळी वेगळ्या हसतील.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. तिचे प्रकल्प रात्री बारापर्यंत जागून मीच पूर्ण करते, नाहीतर वेळेत होत नाहीत. मार्क चांगले पडतात. शाळेला कळत असेल का?
— एक आई, गंगापूर रोड

उत्तर : कळतं. आयांचे अनुस्वार जागच्या जागी असतात. नववीतलं पोर ‘दुर्मीळ’ची वेलांटी हमखास चुकवतं, तुम्ही चुकवत नाही. पुठ्ठा कापून द्या, चहा करून द्या, वाक्यं देऊ नका. आणि उशीर होऊ द्या की एखादा.

प्रश्न : ऑगस्टच्या अंकात आपण रँडचा मृत्यू २२ जूनला झाल्याचं लिहिलं आहे. कृपया तपासून पाहावं.
— एक निवृत्त वाचक, ओझर

उत्तर : तपासलं. चूक माझी. त्या रात्री आयर्स्ट जागीच गेला. रँड जखमी होता, तो ३ जुलैला गेला. माझ्या ऑगस्टच्या कात्रणावर लाल पेनानं शेरा मारून ठेवला आहे.